खळ दिलेली रॅकेट

नागपूरच्या टांडापेठेत वच्छला निमजेचं घर विचारलं की लोक उलट विचारत, "कोणती, बॅटवाली का?" रॅकेट हा शब्द मोहल्ल्याच्या तोंडात कधी बसलाच नाही. तीन वेळा विदर्भाचं अजिंक्यपद मिळवलेली ही बाई शेजारपाजाऱ्यांच्या लेखी शेवटपर्यंत बॅटवालीच राहिली आणि त्याचं तिला काही वाटत नसे. तिला वाटायचं ते एकाच गोष्टीचं, आणि ती गोष्ट तिने नवऱ्यालाही कधी धडपणे सांगितली नाही. तिच्या वडिलांनी, मारोतराव निमज्यांनी, तिचा खेळ एकदाच पाहिला होता. त्या दिवशी ती हरली होती, आणि नंतर तेरा वर्षं ते हॉलची पायरी चढले नाहीत. एकदा तरी बाबांनी समोर बसून आपल्याला नीट खेळताना पाहावं, एवढीच तिची इच्छा होती.

मारोतराव विणकर. घरात शिरलं की पहिल्याच खोलीत दोन माग, आणि त्यांच्या आवाजात बाकीचा संसार. नऊवारी सुती लुगडी विणायची, किनार लाल नाहीतर हिरवी. मारोतराव मागावर बसले की जेवायला तीन हाका मारल्याशिवाय उठत नसत. बायको सुभद्राबाई आणि वच्छला दोघी चरख्यावर कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरायच्या. सहाव्या वर्षापासून रोज तीन-चार तास चरख्याचा दांडा फिरवून वच्छलाचं उजवं मनगट असं तयार झालं होतं की पुढे मोठमोठ्या घरच्या मुली विचारायच्या, तू कोणता व्यायाम करतेस. व्यायाम कसला, कांड्या भरल्या नाहीत तर माग उभा राहायचा आणि माय ओरडायची.

ती खेळाकडे वळली ते मात्र अगदीच वेगळ्या कारणाने. सिव्हिल लाइन्सकडच्या एका क्लबात बॅडमिंटनचा बंदिस्त हॉल होता, आणि तिथे दुपारी चार ते पाच हा तास बायकांसाठी राखून ठेवला होता. अडचण एवढीच की बायका येत नव्हत्या. क्लबाचे सेक्रेटरी गणपतराव स्वतः खेळाडूंना शिकवायचे. तो तास असाच रिकामा जात राहिला तर पुरुष मंडळी बळकावणार हे त्यांना दिसत होतं, म्हणून कुठूनही चार मुली आणा असं त्यांनी हॉलच्या चंपतरावांना सांगितलं. चंपतराव हॉल झाडायचे, जाळी बांधायचे आणि खेळाडूंच्या रॅकेटी विणून द्यायचे. मूळचे तेही विणकरच, वच्छलाच्याच गल्लीतले. त्यांनी गल्लीतल्या चार मुली नेल्या. तिघींना पहिल्या महिन्यात कंटाळा आला. बारा वर्षांची वच्छला तेवढी टिकली, कारण त्या हॉलमध्ये मागाचा आवाज येत नव्हता आणि माय हाक मारत नव्हती. तासाची अब्रू वाचली म्हणून गणपतराव खूश होते. मुलगी खेळते किती चांगलं, हे त्यांच्या ध्यानात यायला आणखी वर्ष लागलं.

मग स्कर्टाचं प्रकरण झालं. सामन्याला पांढरा स्कर्ट हवा, आणि समाजातल्या मंडळींचा विणकरांच्या पोरींनी गुडघे दाखवण्याला विरोध होता. सुभद्राबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मारोतरावांनी काही बोलायच्या भानगडीत न पडता मागावर जाडसर पांढरं कापड लावलं, आणि शिलाईवाल्याकडून गुडघ्याच्या चार बोटं खाली येईल असा घेरदार स्कर्ट शिवून आणला. पण आयुष्यभर किनारीशिवाय काही विणलं नव्हतं, तेव्हा कापडाला किनार ही आलीच, बोटभर रुंद, लाल. तो घालून वच्छला पहिल्यांदा कोर्टवर उतरली तेव्हा प्रेक्षकांत खसखस पिकली. पंचाने नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. त्यात किनारीबद्दल काहीच नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी पावसाळा संपता संपता मारोतराव तिच्यासाठी तेवढंच कापड विणत आणि न बोलता तिच्या चरख्याशेजारी आणून ठेवत.

खेळाबद्दल बापलेकीचं बोलणं बेताचंच असायचं. मारोतरावांना गुण कसे मोजतात ते कळत नव्हतं आणि विचारायला लाज वाटायची. रॅकेट मात्र ते न्याहाळून पाहायचे. आडवे-उभे धागे एकाखालून एक कसे घातलेत, ताण कसा सारखा ठेवलाय, हे त्यांना बोटं फिरवली की कळे. चंपतच्या हाताला अजून सूत आठवतं, असं एकदा ते म्हणाले होते. त्यांच्या तोंडून हे फार मोठं कौतुक होतं.

अडुसष्ट साली बातमी आली. भारताच्या दौऱ्यावर आलेला जपानचा एक संघ नागपुरात एक दिवस थांबून प्रदर्शनी सामने खेळणार होता. त्यांच्यातली हारुको नावाची मुलगी नागपूरच्या एका मुलीशी एकेरीचा सामना खेळणार होती. ती एक मुलगी कोण, हे ठरवायला सप्टेंबरात निवडीचा सामना ठेवला. एका बाजूला वच्छला, दुसऱ्या बाजूला धरमपेठेची अरुंधती. अरुंधतीकडे तीन रॅकेटी होत्या आणि वच्छलाकडे एक. पण वर्षभरात दोघी सहा वेळा खेळल्या होत्या आणि पाच वेळा वच्छला जिंकली होती. गणपतरावांनी तर निवड समितीला आधीच सांगून टाकलं होतं की सामना नावापुरता आहे, आमची विणकराची पोरगीच खेळणार.

मोहल्ल्याला बॅडमिंटन कळत नव्हतं, पण जपान कळत होतं. मोहल्ल्यातल्या बायका वच्छलाला थांबवून विचारू लागल्या, तिकडच्या बाया भात खातात म्हणे, खरं का? मारोतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, मी येतो पाहायला. वच्छलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिला आनंद झाला की असं व्हायचं.

सामन्याच्या आदल्या दिवशी ती कॉलेजात गेली होती. रॅकेट वाकू नये म्हणून आवळायच्या लाकडी प्रेसमध्ये, खिळ्याला टांगलेली. मारोतरावांनी ती उतरवून पाहिली. पावसाळी हवेने आणि महिनाभराच्या सरावाने मधल्या धाग्यांचे तंतू सुटले होते, बारीक केस उभे राहिले होते. विणकराला ही गोष्ट चांगली ठाऊक. मागावर चढण्याआधी सुताचे असे केस बसवावे लागतात, नाहीतर धागा घासून तुटतो. त्यासाठी पहाटे गल्लीत सगळा ताणा, म्हणजे उभे धागे, लांबवर पसरायचा, तांदळाची शिजवलेली खळ कुंच्याने त्याला पाजायची आणि वाळू द्यायचा. त्याला पाजणी म्हणतात. मारोतरावांच्या हाताची पाजणी अशी, की उमरेडचे लोकही ताणा दाखवायला त्यांच्याकडे आणत. लेकीच्या उद्याच्या सामन्यासाठी बापाला काय करता येणार होतं? खेळ कळत नव्हता. धागा कळत होता. त्यांनी चांगला जुना तांदूळ शिजवला, खळ दोनदा गाळली, थेंबभर तेल घातलं, आणि रॅकेटीच्या धाग्यांना दोन्ही बाजूंनी, एक तंतूही सुटणार नाही अशी पाजणी केली. मग रॅकेट सावलीत वाळवली.

रॅकेटीचा धागा सुताचा नसतो, मेंढीच्या आतड्याचा असतो, आणि त्याला पाणी म्हणजे विष. तो पाणी पितो, फुगतो आणि ढिला पडतो. चंपतरावांनी पहिल्याच वर्षी वच्छलाला दम भरला होता की घामाचा हातसुद्धा धाग्याला लावायचा नाही. मारोतरावांना हे कोण सांगणार? त्यांनी तर ओला धागा वाळला की पक्का होतो, हेच जन्मभर पाहिलं होतं.

सकाळी त्यांनी रॅकेट तिच्या हातात दिली. धागे चकचकीत, कडक. बोटाने वाजवून दाखवत ते म्हणाले, "आता नाई तुटत. साजरा ताणा करून देल्ला तुले."

वच्छलाने वास घेतला आणि तिला सगळं कळलं. तांदळाच्या खळीचा तो वास ती लहानपणापासून ओळखत होती. ती वडिलांच्या तोंडाकडे पाहत राहिली. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, लग्नाला निघावं तसे ते तयार होऊन उभे होते. चांगलं झालं बाबा, एवढंच ती म्हणाली, आणि दोघं सायकल-रिक्षात बसले.

पहिला गेम तिने अकरा-पाच असा घेतला. वाळलेल्या खळीने धागे कसेबसे ताठ धरले होते. मारोतराव तिसऱ्या खिडकीखालच्या बाकावर ताठ बसून होते आणि दर फटक्याला त्यांची मान हलत होती. पण दुसऱ्या गेममध्ये खळ तडकायला लागली. प्रत्येक फटक्याबरोबर रॅकेटीतून पांढरी भुकटी उडे आणि कोर्टवर सांडे. पंचाने दोनदा सामना थांबवून कोर्ट पुसायला लावलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. पावडर, असं वच्छलाने सांगितलं. खळ गळून गेल्यावर खाली उरले ते पाणी प्यायलेले ढिले धागे. पिसांचं फूल, म्हणजे शटल, त्यावर आदळे आणि तिथेच बसल्यासारखं होई. चार-सात असताना एक धागा तुटला.

चंपतराव हॉलची रॅकेट घेऊन धावत आले. जाळीपलीकडून अरुंधतीनेही आपली दुसरी रॅकेट पुढे केली, ती मुलगी मनाने चांगली होती. नुसती रॅकेट बदलली असती तरी वच्छला जिंकली असती, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं. एक माणूस सोडून. तो तिसऱ्या खिडकीखाली बसला होता आणि आपण पाजलेली रॅकेट लेक आता टाकून देते की काय, अशा नजरेने पाहत होता, निदान वच्छलाला तरी तसं वाटलं.

"हीच चालते मले," ती म्हणाली.

गणपतराव कोर्टाच्या कडेला येऊन दबक्या आवाजात तिच्यावर ओरडले. तिने ऐकलं नाही. तुटक्या धाग्याने ती तो गेम हरली आणि तिसराही हरली, दोन-अकरा. समितीतल्या एका गृहस्थांनी कागदावर शेरा मारला, खेळाडू गर्विष्ठ आहे, सल्ला मानत नाही. तो शेरा पुढे कितीतरी वर्षं तिच्या नावामागे फिरत होता, आणि दोनदा तरी त्याने तिची निवड खाल्ली. ती गर्विष्ठ नव्हती. पण तसं सिद्ध करायचं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिने मनाशी कायमचं मिटवून टाकलं होतं.

घरी परतताना रिक्षा महाल भागात आली. मारोतराव म्हणाले, "पयल्यांदा तं चांगली वाजून राहिली होती."

"रॅकेट चांगलीच होती बाबा," वच्छला म्हणाली. "माह्यंच ध्यान नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती रॅकेट चंपतरावांकडे घेऊन गेली. त्यांनी नखाने धागा खरवडला, जिभेला लावला आणि तिच्याकडे पाहिलं. विणकराला विणकराची करणी लपत नाही. वच्छलाने त्यांच्याकडून शपथ घेतली की बाबांना यातलं काही कळता कामा नये. चंपतरावांच्या पोटात काही राहत नाही असा त्यांचा गल्लीत लौकिक होता, त्यामुळे पुढचे दोन महिने ती धास्तावलेलीच होती. पण घरी कोणी काही बोललं नाही. चंपतरावांनी शपथ पाळली म्हणून तिला बरं वाटलं.

नोव्हेंबरात जपानी संघ आला. वच्छला रेषेवर बसली, फूल आत पडलं की बाहेर ते सांगायला. अरुंधती दोन्ही गेम मिळून तीन गुण घेऊन हरली आणि तरी हसत बाहेर आली. हारुको बुटकी, गोल चेहऱ्याची, वच्छलापेक्षा दोन-एक वर्षांनी मोठी असेल. ती एका सूतगिरणीत नोकरीला आहे आणि गिरणीच्याच संघातून खेळते, असं ओळख करून देताना माइकवरून सांगितलं गेलं. सामन्याआधी तिने रॅकेट मांडीवर घेतली आणि सरकलेला एकेक धागा बोटांच्या टोकांनी जागेवर आणला, अगदी हळू, कुठेही घाई नाही. मागावर बसण्याआधी मारोतराव ताण्यावरून हात फिरवत, तसा. ते बघून वच्छलाचे डोळे भरले आणि सामना सुरू झाल्यावर एक फूल बाहेर पडलेलं तिने आत दिलं.

घरी येऊन हे वडिलांना सांगावं असं तिला फार वाटलं. पण धाग्यांचा विषय काढायचीच चोरी झाली होती. ती फक्त एवढंच म्हणाली की ती मुलगी सूतगिरणीत काम करते. मारोतरावांनी माग थांबवून विचारलं, किती नंबरचं सूत काढतात? तिला माहीत नव्हतं. मग ते पुन्हा विणू लागले.

त्यानंतर मारोतराव हॉलकडे फिरकले नाहीत. पहिल्या वर्षी तिने दोनदा म्हटलं, या ना बाबा. एकदा लुगड्याचं काम घाईचं निघालं, एकदा गुडघा दुखत होता. पुढच्या वर्षी कुहीला नात्यातलं लग्न होतं. पुढे पुढे कारणंही तीच ती यायला लागली आणि वच्छलाला विचारायचा संकोच वाटू लागला. तिची एक समजूत होऊन बसली होती. भर हॉलमध्ये, इस्त्रीचा सदरा घालून बसलेल्या बापासमोर लेक दोन गुणांवर हरली, वर मास्तर तिच्यावर ओरडला, त्याची बाबांना शरम वाटली. हा खेळ त्यांच्या मनातून उतरला. कापड मात्र दरवर्षी येत राहिलं, लाल किनारीसकट. ते काय, बापाचं कर्तव्य म्हणून येतं, असं ती स्वतःला समजावी.

बाकी तिचं बरं चाललं होतं. खेळाच्या जोरावर सत्तर साली तिला टेलिफोन खात्यात नोकरी लागली, आणि खात्याच्या संघातून ती गावोगाव हिंडली. एकाहत्तरला पहिल्यांदा विदर्भाची अजिंक्य झाली. त्या रात्री पेढे घेऊन घरी आली तर मारोतरावांनी एक पेढा देवापुढे ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि विचारलं, अकरा-नऊ म्हंजे जवळजवळ हारलीच होती ना? गुण त्यांना कुठून कळले, हा विचार त्या धामधुमीत तिच्या डोक्यात आला नाही.

बहात्तरला लग्न झालं. नवरा रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर, पाळी सांभाळून कंपनीच्या बसने जाणारा-येणारा. पाहायला आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, स्वयंपाक कोण करेल सामन्याच्या दिवशी? ती म्हणाली, तुम्ही. त्याने थोडा विचार केला आणि बरं म्हणाला. माणूस शब्दाला पक्का निघाला, त्याच्या हातची भाजी तेवढी कायम तिखट होई. मुलगी झाली तेव्हा दीड वर्ष खेळ सुटला. आता बॅटवाली संपली असं सगळे धरून चालले होते. पंचाहत्तरला ती परत आली आणि शहात्तरला पुन्हा अजिंक्य झाली, अठ्ठ्याहत्तरला तिसऱ्यांदा. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तिसऱ्या फेरीपुढे तिची मजल कधी गेली नाही. याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिथे आपल्यापेक्षा चांगल्या मुली होत्या, असं ती सरळ सांगायची.

मध्येच कधीतरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात तिला दोन ओळी दिसल्या होत्या की जपानची हारुको खेळातून निवृत्त झाली आणि आता आपल्या गावी मुलांना शिकवते. वच्छलाने ते कात्रण रॅकेटीच्या पिशवीत ठेवलं. एकदाच पाहिलेल्या, एक शब्दही न बोललेल्या त्या बाईबद्दल तिला आपलेपणा का वाटावा, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ऐंशी साल उजाडेपर्यंत हातमागाला काम उरलं नव्हतं. यंत्रमागांनी सगळा बाजार खाल्ला होता. मारोतरावांनी एक माग मोडून लाकूड विकलं. दुसरा ठेवला, आणि त्यावर वर्षातून एकदाच, चार दिवस, पांढरं कापड विणत. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यातच वच्छलाने ठरवलं की डिसेंबरातली क्लबाची वार्षिक स्पर्धा शेवटची. तेहतिसावं सरलं होतं, गुडघे कुरकुरत होते. यंदाचं कापड घेताना तिने वडिलांना तसं सांगितलंही. मारोतराव बरं म्हणाले. पाहायला या, असं मात्र ती म्हणाली नाही. तेरा वर्षांत तिने विचारणं सोडून दिलं होतं.

अंतिम सामना सतरा वर्षांच्या एका मुलीशी होता. पहिला गेम सहा-सहा झालेला असताना वच्छला सर्व्हिससाठी वळली आणि तिला तिसऱ्या खिडकीखाली पांढरी टोपी दिसली. शेजारी म्हातारे चंपतराव. पुढची सर्व्हिस तिने जाळीत घातली, त्याच्या पुढचीही. बाबा आज आलेत, आजच, आणि मी त्यांच्यासमोर पुन्हा हरणार, हे एकच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. तो गेम गेला.

दुसऱ्या गेममध्ये मनगट मोकळं झालं. समोरच्या पोरीला कोपऱ्या-कोपऱ्यांत नाचवून तिने तो अकरा-सातने घेतला. तिसरा गेम आठ-आठ असताना एक जोराचा फटका मारला आणि धागा तुटला. आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला. वच्छला सरळ कडेला आली, पिशवीतून दुसरी रॅकेट काढली, हातात तोलली, आणि तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं. मारोतराव बाकावरून अर्धे उठले होते. तिच्या हातातली नवी रॅकेट पाहून त्यांनी मान हलवली, दोनदा, आणि शांतपणे खाली बसले.

ती आठ-अकरा हरली. समोरची मुलगी खरोखर चांगली खेळत होती, आणि वच्छलाला आश्चर्य वाटलं ते याचं, की तिला काहीच वाईट वाटत नव्हतं. गणपतराव आता काठी टेकत चालत. त्यांनी दोन शब्द बोलून तिला शाल दिली. फोटो झाले. गर्दी पांगल्यावर ती खिडकीखाली गेली. चंपतराव आपण होऊन उठले आणि जाळी सोडायचं निमित्त करून दूर गेले, वास्तविक त्यांना नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

वच्छला बाकावर बसली. इतक्या वर्षांनी आज कसे आलात, हे विचारताना तिला आवाजातली तक्रार लपवता आली नाही.

"आता तुही कुठं निवड होणार नाई," मारोतराव म्हणाले. "आज हारली तरी काई जात नाई. म्हणून आलो."

तिला नीटसं समजलं नाही. ते पिशवीतल्या तुटक्या रॅकेटीकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "आज बदलवली. त्या दिवशी काहून नाई बदलवली वं?"

त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते तिने विचारलं तेव्हा कळलं, अगदी त्याच महिन्यापासून. सामन्यानंतर आठ दिवसांनी ते मोठ्या कौतुकाने चंपतरावांकडे गेले होते, आपल्या पाजणीने धागा कसा राहिला ते विचारायला. चंपतरावांना खोटं बोलता आलं नाही. खळीचंही त्यांनी सांगितलं, आणि दोन रॅकेटी पुढे आल्या असताना पोरीने त्या घेतल्या नाहीत, त्याचा अर्थही सांगितला. मग मारोतरावांनीही त्यांच्याकडून शपथ घेतली, की आपल्याला कळलं हे वच्छलाला कळू द्यायचं नाही. ती लपवून राहिली आहे तर तिला लपवू द्यावं. ज्यांच्या पोटात काही राहत नाही त्या चंपतरावांनी पहिली शपथ मोडली खरी, पण ही दुसरी तेरा वर्षं सांभाळली होती, आणि प्रत्येक सामन्याचे गुण त्याच दिवशी मारोतरावांना नेऊन दिले होते.

"सांग ना," मारोतराव म्हणाले. "काहून नाई बदलवली?"

"तुमी बसले होते ना बाबा."

म्हाताऱ्याने मान हलवली. हे उत्तर त्यांना आधीच माहीत होतं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

"म्हणूनच तं मंग मी कधी बसलो नाई," ते म्हणाले.

वच्छलाने पिशवीतून तुटकी रॅकेट काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. मारोतरावांनी आधी धोतराच्या सोग्याने दोन्ही हात पुसले, तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग पुन्हा तळवे. हात पूर्ण कोरडे झाल्याची खात्री केली आणि मगच धाग्याला बोट लावलं.